चार्ज घेतलाय, आता संस्थेशी कसं जमवायचं? एका रिटायर्ड हेडबाईंचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक सर अनुदानित माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत होते, जूनमध्ये सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक झाले. संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात दुसरंच नाव होतं हे अख्ख्या स्टाफला माहीत आहे. सेक्रेटरी म्हणतात खडूचा बॉक्स आणायचा तरी आधी मला विचारा. सर विचारतात की संस्थेशी संबंध चांगले ठेवायचेत पण होयबा व्हायचं नाही, तर सुरुवात कुठून करू?

सर, आधी अभिनंदन. मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते, पाचवी ते दहावी, पट साडेसहाशेच्या आसपास, तालुक्यापासून बारा किलोमीटरवरचं गाव. त्या अकरा वर्षांत तीन अध्यक्ष पाहिले आणि त्यातल्या एकांशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही, तेव्हा हे सगळं सत्कारातलं भाषण समजून वाचू नका, चुका करून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट पचवून टाका की तुम्हाला त्यांनी निवडलेलं नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तो सांगतो की तिकडे स्कूल बोर्ड स्वतः जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथल्या शाळांचा मुख्य अधिकारी, आणतं, म्हणजे माणूस त्यांनी पारखून घेतलेला असतो, निदान पहिलं वर्ष तरी ते त्याचं कौतुक करतात. आपल्याकडे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली आहे, तिच्यातला नियम ३ बघा, पात्र असलेल्यांत जो सेवाज्येष्ठ त्याचा हक्क. संस्थेला पसंत असो नसो, तुमचं नाव ज्येष्ठता यादीत वर आहे म्हणून तुम्ही त्या खुर्चीत. म्हणजे लग्न ठरवलं नियमाने आणि नांदायचं तुम्ही दोघांनी. त्यामुळे अध्यक्ष पहिले सहा महिने तुमच्याकडे जरा तिरकस बघणार, ते मनाला लावून घेऊ नका, तुमच्या जागी कुणीही असतं तरी तसंच बघितलं असतं.

आणि त्यांच्या बाजूनेही एकदा विचार करा. एके काळी शिक्षक नेमणं संस्थेच्या हातात होतं. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली, मग २०१७ पासून शासनाचं शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं, आता पोर्टलवरून येतील त्या उमेदवारांतूनच घ्यायचं. पगार शालार्थमधून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून, थेट खात्यात. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चासाठी जे काय येतं, ते पगाराच्या पाच टक्के, तेही जुन्या वेतन आयोगाच्या हिशोबाने, त्यात वीजबिल निघालं तरी नशीब. म्हणजे ज्या माणसाच्या वडिलांनी जमीन दिली, ज्याने दारोदार फिरून वर्गणी काढून खोल्या बांधल्या, त्याच्या हातात आज उरलंय काय, तर इमारत, पत्रिकेवरचं नाव आणि पंधरा ऑगस्टची पहिली खुर्ची. (नोकऱ्या विकणारे पण होते आणि आहेत, मी भोळी नाहीये. पण सगळ्यांना त्याच मापाने मोजलंत तर चांगल्या माणसालाही गमावून बसाल.) खडूच्या बॉक्सची परवानगी मागा म्हणणारा सेक्रेटरी बहुतेक वेळा खडूबद्दल बोलतच नसतो, मला विचारतं का कुणी, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

आता कामाचं. भेटीगाठींच्या आधी कागद वाचा. संस्थेची घटना मागून घ्या, धर्मादाय कार्यालयातला शेड्युल एकचा उतारा बघा, कोण कायद्याने विश्वस्त आहे आणि कोण नुसताच मिटिंगला येऊन बसतो हे तुम्हाला माहीत पाहिजे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, पुष्कळ ठिकाणी तो दिलेलाच नसतो किंवा वर्षानुवर्षं पेंडिंग पडलेला असतो. हे शोधून कुणाला पकडायचं नाहीये, पण उद्या दोन माणसं दोन लेटरहेड घेऊन आली तर आपण कुठे उभं राहायचं ते आज कळलेलं बरं. चार्ज घेतानाही यादी करून घ्या, कॅशबुक, डेड स्टॉक, चेकबुकातले शिल्लक चेक नंबरासहित. मी लाजेखातर तसाच सही करून चार्ज घेतला, मग पुढे ऑडिटमध्ये दोन मायक्रोस्कोप कुठे गेले याचं उत्तर मी देत बसले, जे मी कधी बघितलेही नव्हते.

संस्थेचा प्रकारही ओळखा. रयतसारखी १९१९ पासूनची मोठी संस्था असेल तर तिथे बदल्या होतात, कार्यालय आहे, पद्धत आहे, तुमचा संबंध माणसापेक्षा यंत्रणेशी जास्त. नाशिकच्या मविप्रसारख्या (मराठा विद्या प्रसारक) संस्थेत हजारो सभासद मतदान करतात, पॅनल पडतात, तिथे निवडणुकीच्या वर्षात मुख्याध्यापकाने तोंड शिवून बसावं. आणि आपल्यासारख्या एक शाळा, एक गाव, एक घराणं असलेल्या संस्था, यांची संख्या सगळ्यात जास्त, यांच्याबद्दल कुणी ट्रेनिंगमध्ये बोलत नाही. मी पुढे जे लिहितेय ते मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

पहिल्या महिन्यात प्रत्येक सदस्याला त्याच्या जागेवर जाऊन एकेकट्याला भेटा. शाळेत बोलवू नका, तुम्ही जा. आमच्या सेक्रेटरींचं खताचं दुकान होतं, रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या बरोबर समोर. मी गेले तेव्हा ऐन पेरणीचा टाइम, दुकानात ही गर्दी, वीस मिनिटं मी युरियाच्या पोत्यांशेजारी उभी. मनात म्हटलं मुद्दाम उभं केलंय. गर्दी सरल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि पहिलं वाक्य काय तर, "बाई, पहिली घंटा दहा चाळीसला व्हायची, हल्ली दहा चव्वेचाळीसला होते." मला हसू आलं खरं तर. शाळेत येऊन बघितलं तर शिपाईमामांच्या टेबलावरचं घड्याळ खरंच चार मिनिटं मागे! सेल बदलला. दुसऱ्या दिवशी दहा बेचाळीसला त्यांना फोन केला, आज बरोबर वाजली का म्हणून. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. हा माणूस अठरा वर्षं रोज ती घंटा ऐकत होता आणि त्याला त्याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. पुढे माझे कितीतरी अवघड विषय त्या दुकानातल्या स्टुलावर बसून सुटले.

या भेटीत फार बोलू नका, माझं व्हिजन वगैरे तर अजिबात नको. दोनच प्रश्न विचारा. शाळेतली कुठली गोष्ट बिघडू नये असं तुम्हाला वाटतं, आणि आधीच्या मुख्याध्यापकांच्या वेळी तुम्हाला काय खटकलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना आधीच्या सरांबद्दल होला हो करू नका, नुसतं ऐका. हेच लोक पुढच्या माणसाला तुमच्याबद्दल सांगणार आहेत.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी सहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीवर चढला आणि पडला, हात मोडला. मी सगळं नीट केलं, स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं, आईवडिलांना बोलावलं, प्लास्टर होईपर्यंत थांबले, बिल भरलं. अध्यक्षांना फोन करायचं डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी ते एका साखरपुड्याला जेवायला बसलेले, तिथे त्या मुलाचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या शाळेत पोराचा हात मोडला आणि तुम्ही इथे जिलेबी खाताय. रात्री नऊला मला फोन. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मॅडम, मला माहीतच नव्हतं. लोकांना काय सांगू मी?" त्यानंतर चार महिने ते मला मॅडम म्हणाले नाहीत, मुख्याध्यापिका बाई म्हणायचे. ज्यांना संस्थेत काम केल्याचा अनुभव आहे त्यांना या दोन शब्दांतलं अंतर बरोबर कळेल.

तेव्हापासून मी नियम केला. पालकाला पहिला फोन, अध्यक्षांना दुसरा, सेक्रेटरींना तिसरा, आणि तिन्ही अर्ध्या तासाच्या आत. पोराला लागलं, शिक्षकांची भांडणं पालकांसमोर झाली, शिक्षणाधिकाऱ्यांची नोटीस आली, पेपरवाला फोटो काढून गेला, दहावीचा निकाल आठ टक्क्यांनी घसरला, काहीही असो, वाईट बातमी त्यांना गावाकडून कळण्याआधी आपल्याकडून कळली पाहिजे. फोनवर लांबण लावायची नाही, काय झालं, मी काय केलं, कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगायचं, संपलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण पारावर किंवा सोसायटीत लोक त्यांनाच गाठतात आणि उत्तर नसलं की माणूस अपमान झाल्यासारखा होतो आणि मग तो राग आपल्यावरच निघतो.

आणि हे व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका हो. आमच्याकडे संस्था परिवार नावाचा ग्रुप होता, त्यात सकाळी शुभ सकाळची फुलं आणि रात्री कोण कुणाच्या मेसेजला अंगठा देतो त्याचा हिशोब. ग्रुपवर फक्त चांगलं टाका, स्कॉलरशिपला बसलेल्या मुलांचा फोटो, वृक्षारोपण. वाईट बातमी फोनवर. पैशाचं समोरासमोर. आणि सगळ्यांना सारखंच सांगा, अध्यक्षांना एक आणि उपाध्यक्षांना थोडं जास्त असं केलंत की आठवड्यात कळतंच.

आता शालेय समिती. बरेच नवीन मुख्याध्यापक इथे गोंधळतात, तर एक साफ करून टाकू. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या कायद्याखालच्या, वर सांगितलेल्या १९८१ च्या नियमावलीतली शालेय समिती वेगळी, त्यात संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षक प्रतिनिधी, आणि तुम्ही पदसिद्ध सचिव. शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती वेगळी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला, अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्याचं. दोन्हींची रजिस्टरं वेगळी ठेवा. एकाच मिटिंगला दोन्हींच्या वहीत सह्या घेणारे महाभाग मी पाहिलेत, तपासणीला सापडतात.

तर शालेय समितीचे सचिव तुम्ही, म्हणजे अजेंडा काढणार तुम्ही आणि प्रोसिडिंग, म्हणजे मिटिंगचं इतिवृत्त, लिहिणार तुम्ही. हे ओझं नाहीये, तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन आहे आणि दहातले आठ जण ते क्लार्कवर सोडून देतात. अजेंड्यावर विषय चार, फार तर पाच. पहिला विषय असा की सगळ्यांना बरं वाटेल, कुणाचा सत्कार, कुठल्या स्पर्धेचा निकाल, मग पैशाचे विषय, आणि वादाचा विषय शेवटी नको, मधे घ्या, कारण शेवटी घेतला की लोक भांडूनच घरी जातात. ज्या विषयावर पैसे लागणार आहेत त्याचा एक कागद आधी प्रत्येकाच्या घरी पोचला पाहिजे. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय मी दोनदा तोंडी मांडला, दोन्ही वेळा पुढच्या मिटिंगला बघू. तिसऱ्या वेळी एका कागदावर लिहिलं, मुली ३१०, चालू स्थितीतली स्वच्छतागृहं ३, मधली सुट्टी २५ मिनिटं, आणि खाली एवढंच की हिशोब करून बघावा. तो कागद उपाध्यक्षांच्या सूनबाईंनी वाचला, त्या त्याच शाळेत शिकलेल्या. मिटिंगमध्ये विषय मला मांडावाच लागला नाही, उपाध्यक्षच बोलले.

मिटिंगमध्ये कुणालाही पहिल्यांदाच काही ऐकायला लागू नये. हे मी अगदी काटेकोर पाळायचे, त्यामुळे मिटिंग पाऊण तासात संपायची आणि त्याच्या आधीचे चार दिवस मी स्कूटीवर फिरत असायचे. पेट्रोल स्वतःचं, हे पण सांगून ठेवते.

प्रोसिडिंगबद्दल एक मात्र मनावर घ्या. ठराव लिहा, भाषणं लिहू नका. मी उत्साहाने कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला सगळं लिहायचे, मराठीची बाई ना मी, वाक्यं पण झोकात. तीन वर्षांनी दोन सदस्यांचं आपसात फाटलं आणि माझं ते पान कोर्टात गेलं. कुणाला आपला विरोध नोंदवायचाच असेल आणि तो तसं म्हणाला तर जरूर नोंदवा, पण आपण होऊन नाही. वहीची पानं नंबर घातलेली हवीत, मधे कोरी जागा सोडू नका, आणि दोन दिवसांत लिहून अध्यक्षांची सही घ्या. महिनाभराने सही घ्यायला गेलं की त्यांना वेगळंच आठवत असतं.

आता तुमचा खरा प्रश्न, नाही कसं म्हणायचं. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

शाळेच्या कागदावर शेवटची सही तुमची असते. मस्टर म्हणजे स्टाफचं हजेरीपत्रक, पगारबिल, दाखला, माहिती खरी असल्याचं प्रमाणपत्र, सगळीकडे. संस्था बदलते, अध्यक्ष बदलतात, सही राहते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, मागच्या तारखांनी नेमणुका दाखवून पगार काढलेले, त्यात अधिकाऱ्यांबरोबर मुख्याध्यापकांनाही अटक झाली. मला २०१९ च्या सुमारास असाच प्रसंग आला होता. त्या वेळचे अध्यक्ष, सगळे त्यांना दादा म्हणायचे, नात्यातल्या एका मुलाला लावायचं होतं आणि मस्टरमध्ये त्याच्या सह्या २०१२ च्या, म्हणजे भरतीबंदीच्या, आधीपासून हव्या होत्या. फोनवर नाही, ऑफिसात येऊन, दार लोटून, अगदी आपुलकीने सांगितलं.

मी तिथे नाही म्हटलं नाही. म्हटलं दादा, दोन दिवस द्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, एकटी, त्यांच्या बायकोशी बोलले, चहा झाला, मग म्हटलं, दादा, हे मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नये म्हणून सांगायला आलेय. सात वर्षांचं मस्टर एका शाईने लिहिलं की ते बघणाऱ्याला कळतं, त्या काळातल्या पगारबिलांत नाव नाही, संचमान्यतेत, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांत, पद नाही, आणि नेमणुकीच्या आदेशावर सही माझी नसेल, तुमची असेल. मग पर्याय ठेवला की मुलाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणीला बसवा, अभ्यासाला मी मदत करते, आणि तोवर संस्थेने स्वतःच्या फंडातून मानधन देऊन संध्याकाळची अभ्यासिका चालवायला द्यावी. दादा एक शब्द बोलले नाहीत. दोन महिने शाळेत पाऊल ठेवलं नाही. अभ्यासिका मात्र चालू झाली. पुढे मी रिटायर झाले, आणि गेल्या वर्षी नागपूरच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या तेव्हा एके दिवशी दादांचा फोन, इकडच्या तिकडच्या गप्पा, तब्येत वगैरे, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, ते त्या वर्षीचं मस्टर शाळेत नीट आहे ना?" आहे म्हटलं. बरं म्हणाले आणि ठेवला.

तर नाही म्हणायचं ते एकांतात, लवकर, आणि त्यांच्याच घरात किंवा दुकानात. मिटिंगमध्ये, स्टाफसमोर, क्लार्कसमोर कधीच नाही. कारण सांगताना नियमाचा नंबर आधी फेकू नका, त्यांची सही कुठे अडकते ते आधी दाखवा. हातात काहीतरी पर्याय घेऊन जा. आणि लेखी द्या हे वाक्य अगदी शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवा. ते एकदा म्हटलंत की काम थांबतं खरं, पण त्यानंतर तुमच्यातलं सगळंच लेखी होतं, अगदी तुमची किरकोळ रजासुद्धा. अकरा वर्षांत मी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं ते ज्यांच्याशी जमलं नाही त्या अध्यक्षांना, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. ज्याला तुमच्या सहीशिवाय तुमच्याकडून काहीच नको आहे त्याच्याशी चहा पिऊन उपयोग होत नाही, तिथे आवक-जावक नोंद आणि शिक्षणाधिकारी. निलंबनाची धमकी आली तर घाबरू नका, चौकशीची पद्धत नियमात दिलेली आहे, बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुख्याध्यापक संघातल्या जुन्या माणसांना गाठा.

पण सगळ्याच नाहीचं एवढं मोठं प्रकरण होत नाही. दाखल्याचं बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुणी दाखला मागितला की संस्थेतून निरोप येतो, तीस सप्टेंबर होऊ द्या, पट कमी होतो, तुकडी जाते. पट गेला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे खरंच आहे, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या जीआरनंतर तर ही भीती आणखी वाढली आहे. पण आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला अडवला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे कारवाई मुख्याध्यापकावर होते, सेक्रेटरीवर नाही. एका वर्षी सहा मुलींचे दाखले एकदम मागायला आले, एकाच वाडीतल्या. मी दाखले लिहायला घेतले आणि सेक्रेटरींना म्हटलं, चला, वाडीवर जाऊन येऊ. तिथे कळलं की एसटीची साडेपाचची गाडी बंद झालीय, पोरी अंधारात चालत येतात. सेक्रेटरींनी तिथूनच आगारात फोन लावला, दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना घेऊन स्वतः गेले, आठवड्यात गाडी सुरू झाली. सहापैकी चार मुली थांबल्या, दोघींचे दाखले दिले. आता मी हे काम करू शकले असते का? नाही. आगारप्रमुख माझा फोन उचलत नाही. संस्थाचालकांना गावात जी पत असते ती आपल्याला नसते, ती शाळेसाठी वापरायला द्या की त्यांना, तेवढंच तर हवं असतं.

म्हणून दर मे महिन्यात पट वाढवायला वाडीवस्तीवर फिरायला मी सदस्यांना बरोबर न्यायचे. उन्हातान्हात चार घरं फिरलेला माणूस मग मिटिंगमध्ये बाकं कशाला पाहिजेत असं विचारत नाही.

गटबाजीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर लिहायला बसले तर पुस्तक होईल. संस्थांमधली भांडणं काही आजची नाहीत. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, आणि १८९० मध्ये खुद्द टिळक तिच्यातून बाहेर पडले, आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि कमाई करावी का यावरून वाद. तिथे एवढी मोठी माणसं होती तरी हे, मग आपलं काय. आमच्याकडे एक अध्यक्ष वारले आणि दोन गट पडले, दोघांचेही चेंज रिपोर्ट दाखल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकाच दिवशी दोन पत्रं, एकावर निळा शिक्का, एकावर जांभळा, दोन्हीत मजकूर एकच, झेंडावंदन आमच्या अध्यक्षांच्या हस्ते करावे. मी दोन्ही पत्रांची आवक नोंद केली, दोघांनाही सारखंच उत्तर दिलं की धर्मादायचा निर्णय येईपर्यंत शाळा कुणाचीही बाजू घेऊ शकत नाही, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. आणि दोघांच्या घरी जाऊन विचारलं की सातवीतल्या एका मुलीचे आजोबा फौजेतले रिटायर्ड हवालदार आहेत, त्यांच्या हस्ते केलं तर चालेल का. फौजी माणसाला नाही कोण म्हणणार? खुर्च्यांवर आडनावाच्या अकारविल्ह्याने चिठ्ठ्या चिकटवल्या. एक गट पेढे वाटायच्या आधीच निघून गेला, पण झेंडा फडकला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, पोलीस बोलवावे लागले नाहीत. एवढं जमलं तरी खूप असतं अशा वर्षी.

स्टाफमध्ये एखादा सदस्यांचा मेव्हणा किंवा पुतण्या असणारच. त्याला हेर समजून लांब ठेवू नका, लांब ठेवलेला माणूस अंदाजाने सांगतो. त्याला परीक्षा विभाग द्या, काम करू द्या, जे बघेल ते सांगेल. क्लार्कचं मात्र बघा. मी बाई असल्यामुळे पहिलं वर्षभर सदस्य माझ्या केबिनवरून सरळ क्लार्ककडे जायचे आणि तिथे बसून मला निरोप पाठवायचे, मी शेजारच्या खोलीत असताना! मी काही बोलले नाही, क्लार्कच्या खोलीतल्या दोन जादा खुर्च्या उचलून माझ्या केबिनमध्ये आणून ठेवल्या. उभं राहून किती वेळ बोलणार.

आता तुमचे खडूवाले सेक्रेटरी. पुढच्या शालेय समितीत एक ठराव करून घ्या की महिन्याला अमुक रकमेपर्यंतचा किरकोळ खर्च मुख्याध्यापकांनी करावा, त्यावरचा तीन कोटेशन घेऊन समितीपुढे. रक्कम सेक्रेटरींनाच सुचवू द्या, कमी सुचवली तरी घ्या, दोन हजार म्हणाले तर दोन हजार. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्या खर्चाचा एक कागद, व्हाउचरच्या झेरॉक्ससहित, त्यांच्या हातात नेऊन द्या, शिपायाबरोबर पाठवू नका. पहिल्या महिन्यात ते ओळ न ओळ वाचतील, झाडू महाग घेतला म्हणतील. आमचे तर म्हणाले होते, आणि खरंच महाग होता, त्यांनी दुसरं दुकान सांगितलं, मी तिथून आणायला लागले. चौथ्या महिन्यात त्यांनी कागद न बघताच गल्ल्याखाली सारला आणि विचारलं, यंदा दहावीला गणिताचं काय होईल. तुम्ही तर गणिताचेच आहात, तुम्हाला सोपं जाईल.